ग्रुपवर काय विचारायचं, हॉस्पिटलला काय

महोदय,

तुकड्याचा, म्हणजे बायॉप्सीचा, रिपोर्ट घरी येतो आणि त्यात कॅन्सर निघतो, त्या रात्री कुणी झोपत नाही. मुलगा किंवा सून मोबाइलवर शोधत बसते, आणि दोन-चार दिवसांत कुणीतरी ओळखीचं पेशंटांच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक पाठवतं. नंदुरबार किंवा गडचिरोलीहून परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेल्या माणसाला मुंबईत एकही ओळखीचं दार नसतं. त्याच्यासाठी असा ग्रुप खरोखर आधार असतो. फाइल कुठे काढायची, सकाळी किती वाजता पोचायचं, सोबतीच्या माणसाने रात्री कुठे पाठ टेकायची, हे सगळं त्याला आधीच त्या वाटेने गेलेली माणसं सांगतात. म्हणून असे ग्रुप असावेत, वाढावेत, असंच आम्हाला वाटतं. पण तिथे काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. त्यापायी उपचार लांबतात, क्वचित जीवावर बेततं. म्हणून हे पत्र.

नवा माणूस सहसा पहिली गोष्ट काय करतो, तर रिपोर्टचा फोटो टाकून ‘पुढे काय करावं?’ विचारतो. त्या फोटोत रुग्णाचं नाव, वय, फाइल नंबर, कधी मोबाइल नंबरही असतो, आणि ग्रुपमधल्या एक हजार माणसांपैकी नऊशे कोण आहेत हे ॲडमिनलाही माहीत नसतं. फोटो टाकायचाच असेल तर वरचा आणि खालचा भाग कापून टाकावा. त्याहून मोठी अडचण उत्तरांची. रिपोर्टमध्ये ‘ग्रेड ३’ लिहिलेलं असतं आणि ग्रुपवर कुणीतरी हळहळतं, ‘अरेरे, तिसरी स्टेज!’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी मूळच्या पेशींपेक्षा किती बिघडलेल्या दिसतात ते. स्टेज म्हणजे आजार शरीरात किती पसरलाय ते, आणि ती स्कॅन व तपासणी झाल्यावर डॉक्टर ठरवतात. छोटी, जागच्या जागी असलेली गाठसुद्धा ग्रेड ३ असू शकते. एवढ्या गैरसमजावर घरच्यांनी धीर सोडलेला आणि उपचार सुरू करायलाच उशीर केलेला दिसतो.

औषधांचंही तेच. स्तनाच्या कॅन्सरच्या तीन बायका एकाच ग्रुपवर असतात. एकीला गोळ्या पाच वर्षं, दुसरीला वर्षभर दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, तिसरीला फक्त केमो आणि ऑपरेशन. मग प्रश्न येतो, ‘तुम्हाला ते इंजेक्शन का नाही दिलं? आमच्याकडे तर दिलं.’ ज्या बाईला नाही दिलं तिच्या मनात डॉक्टरांबद्दल किंतु बसतो. खरी गोष्ट अशी की तुकड्यावर आयएचसी नावाची पुढची तपासणी करतात. त्यात ईआर, पीआर (हार्मोनशी संबंधित खुणा) आणि हर-टू (पेशींवरच्या एका प्रथिनाची खूण) असे तीन निकाल येतात, आणि औषध मुख्यतः त्यावर ठरतं. हर-टू निगेटिव्ह असेल तर त्या इंजेक्शनचा उपयोग नसतो, म्हणून ते देत नाहीत. नाव एक असलं तरी आजार निराळे आहेत. तेव्हा आमचा ठाम आग्रह असा: कोणतं औषध, किती डोस, ऑपरेशन आधी की केमो आधी, हे ग्रुपवर विचारूच नये. शंका असेल तर दुसरं मत दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञाकडून घ्यावं. नॅशनल कॅन्सर ग्रिड ही कॅन्सर हॉस्पिटलांची साखळी २०१२ साली सुरू झाली आणि आज देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रं तिच्यात आहेत. त्यातलं एखादं आपल्याला जवळ आहे का, हे ग्रुपवर जरूर विचारावं.

दुसरं मत घ्यायला निघताना कागद नीट नसले की फेरी फुकट जाते. नुसता रिपोर्ट पुरत नाही. तुकडा ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तपासला तिथे तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड ठेवलेल्या असतात. त्या मागण्याचा तुमचा हक्क आहे. साधा अर्ज लिहून, ओळखपत्र दाखवून, सही करून घ्यायच्या. मोठ्या हॉस्पिटलात त्या पुन्हा तपासतात आणि आयएचसीसाठी ब्लॉकच लागतो. ब्लॉक नसेल तर तुकडा पुन्हा काढावा लागतो, आणि आधीच ऑपरेशन झालेलं असेल तर काढायला गाठच शिल्लक नसते. स्लाइड कापसात गुंडाळून छोट्या प्लास्टिकच्या डबीत ठेवाव्यात. ब्लॉक मेणाचा आहे, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो ठेवू नये. सीटी किंवा पेट स्कॅनच्या फिल्मसोबत सीडी मागून घ्यावी, कारण डॉक्टर संगणकावर ती फिरवून बघतात. फिल्मवर सगळं दिसत नाही. सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स काढून, तारखेच्या क्रमाने एका फाइलला लावाव्यात. मूळ कागद कुणालाही देताना पोच घ्यावी.

पैशांची वाटही याच वेळी बघायची, नंतर नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, त्यात केमो, रेडिएशन आणि कॅन्सरची ऑपरेशनं येतात. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. उपचार सुरू होण्याआधी तिथून मंजुरी घ्यावी लागते. ही योजना रोकडरहित आहे. आधी पैसे भरून उपचार घेतले आणि नंतर बिलं मांडली तर परत काही मिळत नाही. हे न कळल्याने पहिल्या महिन्यातच दागिने मोडलेली घरं आहेत. बहुतेक अर्ज अडकतात ते नावाच्या फरकाने: रेशनकार्डावर ‘सुमनबाई’ आणि आधारवर ‘सुमन’. ते दुरुस्त करायला निदानाच्या पहिल्याच आठवड्यात घरातल्या एकाला कामाला लावावं. योजनेचा फोन १५५३८८. याखेरीज धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावं. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. त्याचा फॉर्म हॉस्पिटलात सही-शिक्क्यासह भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर काढायचं. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही जुनी, भरवशाची ठिकाणं आहेत. लहान मूल आजारी असेल तर सेंट ज्यूडची केंद्रं कुटुंबाला विनामूल्य ठेवून घेतात. जागा आज आहे की नाही, रांग किती आहे, हे मात्र कुठल्याही वेबसाइटवर कळत नाही. ग्रुपवर काल तिथे राहिलेला माणूस दोन मिनिटांत सांगतो.

ग्रुपची खरी ताकद घरच्या सेवेत आहे. आपल्याकडे तंबाखू आणि सुपारीपायी तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण खूप. ऑपरेशननंतर नाकातून नळी घालून घरी पाठवतात, आणि नर्सने पाच मिनिटांत दाखवलेलं घरी गेल्यावर आठवत नाही. इथे ज्याने तीन महिने हे केलंय त्याचा शब्द लाखमोलाचा. पेज, वरण, दूध, अंडं, काहीही द्यायचं असलं तरी मिक्सरमधून काढून आधी चहाच्या गाळणीने आणि मग ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळायचं. फडक्याचा कंटाळा केला की तिसऱ्या दिवशी नळी तुंबते. रुग्णाला पाठीला उशा लावून निदान अर्धवट बसतं करायचं. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावायची, वर धरायची आणि अन्न आपल्या आपण उतरू द्यायचं. दट्ट्याने रेटायचं नाही. एका वेळी २०० ते २५० मिली, दर दोन-तीन तासांनी. आधी आणि नंतर ३० ते ५० मिली कोमट पाणी. नंतर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. गोळ्या अन्नात मिसळायच्या नाहीत. एकेक वेगळी कुटून, पाण्यात विरघळवून द्यायची, आणि कोणत्या गोळ्या कुटायच्या नसतात ते आधी फार्मासिस्टला विचारायचं. नाकपुडीजवळ नळीवर पेनने खूण करून ठेवायची. खूण बाहेर सरकलेली दिसली, किंवा भरवताना ठसका लागला, दम लागला, तर तिथेच थांबायचं. नळी निघून आली तर घरी परत घालायची नाही, आणि तुंबलेल्या नळीत तार तर कधीच घालायची नाही.

रेडिएशनला आपल्याकडे लाइट म्हणतात. त्या काळात तोंड सोलवटतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ आणि एक सपाट चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक जेवणानंतर, चुळा भराव्यात. पाणी रोज ताजं करावं. बाजारातले अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळावेत, आग होते. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात. आठवड्याला एक काडी वाढली तरी ती बातमी ग्रुपवर सांगावी, कारण दुसरा रुग्ण ती वाचून आपली काडी उचलतो. पोटावर पिशवी लावलेल्यांसाठीही तसंच. पिशवीचं भोक स्टोमापेक्षा (पोटावर बाहेर काढलेल्या आतड्याच्या तोंडापेक्षा) दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापावं, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो म्हणून दर वेळी माप घ्यावं. जुन्या मापाने कापत राहिलं की भोवतीची कातडी उघडी पडते आणि सोलून निघते.

आता ताप. या एका गोष्टीसाठी बाकी सगळं पत्र कापलंत तरी चालेल.

रात्री ११ वाजता ग्रुपवर मेसेज येतो: ‘बाबांना १०१ ताप आहे, केमो होऊन ९ दिवस झाले, पॅरासिटॅमॉल देऊ का?’ आणि चांगल्या मनाची चार माणसं लिहितात, ‘द्या, आमच्याकडेही आला होता, सकाळी उतरला.’ हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली गेल्या की शरीरात पू होत नाही, सूज येत नाही, कारण पू आणि सूज आणणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. ताप हीच एक खूण राहते. पॅरासिटॅमॉलने ती खूण पुसली जाते. संसर्ग आत वाढत राहतो, आणि पहाटेपर्यंत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. जिभेखाली १००.४ किंवा त्याहून जास्त दिसलं की हॉस्पिटलच्या आपत्कालीन नंबरला फोन करायचा आणि निघायचं. सकाळची वाट बघायची नाही. काखेत ताप थोडा कमी दिसतो, हे ध्यानात ठेवावं. थंडी वाजून हुडहुडी भरली तर थर्मामीटर काहीही दाखवो, निघावं. सोबत फाइल, शेवटचा सीबीसी (रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) आणि केमोची तारीख. दारावरच्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच: ‘केमो चालू आहे, आज नववा दिवस, ताप १०१.’ म्हणजे रांगेत बसवत नाहीत, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचा प्रयत्न करतात. हॉस्पिटल चार-पाच तास दूर असेल तर जवळच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन तिथल्या डॉक्टरांचं आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलणं करून द्यावं. गावातल्या डॉक्टरकडून कमरेत इंजेक्शन घेऊ नये. प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळतं, तिथे संसर्ग होऊ शकतो.

तेव्हा ‘ताप आलाय’ या मेसेजला ग्रुपवर एकच उत्तर असावं: फोन करा, निघा. दुसरं उत्तर ॲडमिनने लगेच काढून टाकावं. रक्त पडणं, श्वास लागणं, उलट्यांनी चोवीस तास काहीच पोटात न ठरणं, पायांतली ताकद अचानक जाणं, यांनाही तेच उत्तर.

काढ्यांबद्दल लिहिलं की माणसं दुखावतात, तरी लिहितो. लक्ष्मणफळ, गोमूत्र, पपईच्या पानांचा रस, जर्दाळूच्या बिया, ‘साखर सोडा, गाठ उपाशी मरेल’: हे मेसेज पाठवणारा बहुतेक वेळा प्रेमानेच पाठवतो. जर्दाळूच्या कडू बियांतून शरीरात सायनाइड तयार होतं. गुळवेलामुळे यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवले आहेत. केमोच्या आधी यकृताची रक्ततपासणी करतात. त्यात आकडे वाढलेले निघाले की केमो पुढे ढकलावी लागते, आणि घरच्यांना वाटतं औषध सोसत नाही. काढा चालू आहे हे कुणी सांगतच नाही. घेत असाल तर निदान डॉक्टरांना सांगा, बाटली दाखवा, रागावले तरी सांगा. गाठ उपाशी मारण्याच्या नादात रुग्णच उपाशी राहतो आणि वजन घटलं की पुढचे उपचार झेपत नाहीत.

शिल्लक औषधांची देवाणघेवाण हा तितकाच नाजूक विषय. माणूस गेल्यावर घरात हजारोंच्या गोळ्या उरतात, आणि ‘कुणाच्या तरी उपयोगी पडोत’ म्हणून घरचे त्या ग्रुपवर देऊ करतात. त्यामागचं मन आम्ही जाणतो. पण केमोच्या बऱ्याच गोळ्यांचा डोस उंची-वजनावर ठरतो, आणि पांढऱ्या पेशींचा काउंट वाढवायची इंजेक्शनं २ ते ८ अंशांतच ठेवावी लागतात. गावात सहा तास वीज गेली होती की नाही, हे त्या बाटलीकडे बघून सांगता येत नाही. अशी औषधं हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला किंवा फार्मसीला विचारून तिकडेच द्यावीत.

ग्रुपवर पैशांची हाक आली तर रक्कम व्यक्तीच्या खात्यात न टाकता हॉस्पिटलमधल्या रुग्णाच्या फाइलवर भरावी. खऱ्या घराला त्यात काहीच अडचण नसते. आपलेच फोटो आणि रिपोर्ट वापरून कुणी पैसे मागताना सापडलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर तक्रार करावी.

ॲडमिनमंडळींना काही विनंत्या. नवा सदस्य मंजुरीनेच घ्यावा आणि आत येताच नियमांचा एक मेसेज त्याला पाठवावा. रुग्णांचा ग्रुप आणि नातेवाइकांचा ग्रुप वेगळा ठेवावा. मुलगा ‘डॉक्टर म्हणाले फार दिवस नाहीत’ असं लिहितो आणि तेच रुग्ण आपल्या फोनवर वाचतो, असं होता कामा नये. बायकांचा ग्रुप वेगळा असला तर स्तन, गर्भाशय, लैंगिक संबंध यांबद्दलचे प्रश्न विचारले जातात, एरवी ते पोटातच राहतात. ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतात, त्यामुळे नको ते फोन येतात. तक्रार येताच त्या माणसाला काढावं, चौकशीचा घोळ घालू नये. रात्री १० ते सकाळी ६ फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं ठेवून वर आपत्कालीन नंबर चिकटवून ठेवले, तर तापाचा प्रश्न आपोआप हॉस्पिटलकडे वळतो.

आणि मृत्यूची बातमी. काल सकाळी ज्याने ‘सुप्रभात’ लिहिलं तो आज नाही, हे ग्रुपवर होणारच. ती बातमी लपवू नये, पण त्याखाली दोनशे हात जोडलेली चित्रंही येऊ देऊ नयेत. ज्याची उद्या केमो आहे तो ती एकेक मोजतो. ॲडमिनने एक मेसेज लिहावा, घरच्यांना वेगळा फोन करावा, आणि एक-दोन दिवस कोण गप्प झालंय ते बघावं. जो गप्प झाला त्याला फोन करावा. फार खचलेल्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आधार सेवेचा १४४१६ हा नंबर द्यावा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. काही काळ ग्रुप म्यूट करणं किंवा सोडणं यात वावगं काही नाही, हे नियमांतच लिहिलेलं असावं. दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू झालं की ‘आता संपलं’ असा निरोप फिरतो, तोही थांबवावा. मॉर्फिन वेदनेसाठी असतं, ते घेत कामावर जाणारी माणसं आहेत. त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावं, कारण बद्धकोष्ठ ठरलेलं.

हॉस्पिटलांकडे आमचं एकच मागणं आहे. केमो देऊन घरी सोडताना मराठीत, मोठ्या अक्षरांत, पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी द्यावी: तापाची मर्यादा, रात्री उचलला जाणारा फोन नंबर, पुढच्या सीबीसीची तारीख. ती चिठ्ठी भिंतीवर लागली तर रात्री ११ चा तो मेसेज ग्रुपवर येणारच नाही.

आणि संपादक महोदय, एक मागणं आपल्याकडेही. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात छापता येत नाही. तरी छोट्या जाहिरातींत ‘गाठीवर रामबाण, ऑपरेशन टाळा’ असं मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतं. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, ‘पेपरात आलंय.’ त्यानंतर आम्ही कितीही समजावलं तरी कुणी ऐकत नाही. आपल्या जाहिरात विभागाने अशा जाहिराती दारातूनच परत पाठवाव्यात, आणि त्या रिकाम्या चौकटीत महिन्यातून एकदा तरी तापाचा आकडा छापावा: १००.४.

आपले,
कर्करुग्णांच्या नातेवाइकांसोबत काम करणारे काही स्वयंसेवक
परळ, मुंबई